दूरचा राउटर गप्प का?



आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक प्रसंग हमखास घडतो. विद्यार्थी मीटर ब्रिजची जोडणी पूर्ण करतो, चावी बसवतो, जॉकी तारेवर टेकवतो आणि गॅल्व्हनोमीटरकडे पाहतो. तारेवर कुठेही टेकवले तरी काटा हलत नाही. लगेच हाक येते, "सर, सेल उतरला!" मी जाऊन सेल तपासतो, तर तो चांगला ठणठणीत असतो. कधी चावी सैल असते, कधी तारेच्या टोकावरचे वेष्टण खरवडायचे राहिलेले असते, तर कधी खुद्द गॅल्व्हनोमीटरमधलीच तार तुटलेली असते.

"काटा हलला नाही" हे झाले निरीक्षण. "सेल उतरला" हा झाला निष्कर्ष. या दोहोंच्या मध्ये किती तरी गोष्टी असतात आणि त्यांपैकी कोणतीही बिघडलेली असू शकते. आज आपण हाच धडा एका वेगळ्या क्षेत्रात गिरवणार आहोत. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या यंत्राची तब्येत एका जागी बसून कशी पाहतात, आणि ते यंत्र उत्तर देईनासे झाले म्हणजे दोष नेमका कुठे आहे हे कसे शोधतात, ते पाहू या.

चौकातला वाटाड्या

तुम्ही संगणकावरून एखादे चित्र मागवता तेव्हा ते अखंड येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता आकड्यांत लिहिलेला असतो. ही पॅकेटे अनेक चौक ओलांडत येतात. प्रत्येक चौकात एक यंत्र असते. ते पत्ता वाचते आणि "तू या रस्त्याने जा" असे पॅकेटाला सांगते. या वाटाड्या यंत्रालाच राउटर म्हणतात.

बँकेच्या शाखा, रेल्वेची आरक्षण कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये या सर्वांकडे असे राउटर असतात. एका मोठ्या संस्थेचे राउटर गावोगावी पसरलेले असू शकतात. प्रत्येकापाशी माणूस बसवणे परवडणार नाही. म्हणून मुख्य कार्यालयातल्या एका संगणकावर देखरेखीची प्रणाली बसवतात. ती दर काही मिनिटांनी प्रत्येक राउटरला विचारते, "बाबा रे, बरा आहेस ना?" उत्तर आले की पडद्यावर त्या गावापुढे हिरवा दिवा दिसतो. उत्तर आले नाही की लाल.

जोडकार्डाची पद्धत

ही विचारपूस कोणत्या भाषेत होते? प्रत्येक कारखान्याने आपली भाषा निराळी ठेवली असती तर मोठा गोंधळ झाला असता. म्हणून १९८८ मध्ये एक सर्वमान्य रीत ठरवण्यात आली. तिचे नाव सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, थोडक्यात एसएनएमपी. विचारणाऱ्या संगणकाला व्यवस्थापक म्हणतात आणि राउटरमधल्या उत्तर देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला एजंट, म्हणजे प्रतिनिधी.

तुमच्या आजोबांना जोडकार्ड आठवत असेल. पोस्टात एकमेकांना जोडलेली दोन कार्डे मिळत. एकावर आपण प्रश्न लिहायचा, दुसरे कोरे कार्ड उत्तरासाठी. एसएनएमपीचा कारभार थेट असाच आहे. व्यवस्थापक एक छोटे पॅकेट पाठवतो, एजंट उत्तराचे पॅकेट पाठवतो. हे पत्र रजिस्टर्ड नसते. पोचल्याची पावती मिळत नाही. वाटेत हरवले तर हरवले, पोस्टखाते काही कळवत नाही.

प्रश्नही शब्दांत नसतो, आकड्यांत असतो. उदाहरणार्थ, १.३.६.१.२.१.१.३.० या आकड्यांचा अर्थ "तू सुरू झाल्यापासून किती वेळ झाला?" आणि १.३.६.१.२.१.१.५.० म्हणजे "तुझे नाव काय?" झाडाच्या बुंध्यापासून फांदी, फांदीपासून डहाळी, डहाळीपासून पान, अशी ही अंकांची वाट जाते आणि प्रत्येक पानावर एक माहिती असते.

एका गोष्टीची नोंद घ्या. एकाच यंत्राकडे येणारी निरनिराळी कामे वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांना क्रमांक दिलेले असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. मोठ्या वाड्याला अनेक दारे असावीत, तसे हे आहे. एसएनएमपीचा प्रश्न राउटरच्या १६१ क्रमांकाच्या दारावर येतो. एखादे संकट ओढवले तर राउटर न विचारताही आपण होऊन निरोप पाठवू शकतो. तो निरोप व्यवस्थापकाच्या १६२ क्रमांकाच्या दारावर जातो.

मौनाचे अर्थ किती?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तुम्ही मामांना जोडकार्ड पाठवले आणि उत्तर आले नाही. याचा अर्थ काय? थोडा विचार करा आणि मगच पुढे वाचा.

पहिली शक्यता, मामा गावात नाहीत. दुसरी, तुमचे कार्ड त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही. तिसरी, कार्ड पोचले, पण मामा तुमच्यावर रागावले आहेत आणि उत्तर देण्याची त्यांची इच्छा नाही. चौथी, मामांनी लगेच उत्तर लिहिले, पण ते परतीच्या वाटेत हरवले. पाचवीही आहे: उत्तर येणार आहे, फक्त तुम्ही पुरेसे थांबला नाहीत!

राउटरच्या बाबतीत हुबेहूब या पाचच शक्यता असतात. राउटर बंद आहे. प्रश्न वाटेत अडला. राउटर ओळख पटत नाही म्हणून मुद्दाम गप्प आहे. उत्तर वाटेत अडले. किंवा व्यवस्थापकाने घाई केली. पडद्यावरचा लाल दिवा मात्र पाचही वेळा सारखाच दिसतो. त्याला फक्त "उत्तर आले नाही" एवढेच ठाऊक असते.

घाटापलीकडचे उपकेंद्र

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाचे एक छोटे उपकेंद्र घाट ओलांडून साठेक किलोमीटरवर आहे. तिथे संगणकाचा एक वर्ग आणि एक राउटर. शेवटचा टप्पा डोंगरावरून बिनतारी लहरींनी जोडलेला. दरीत मोबाइलचा संपर्क जेमतेम. मला संगणकाचे थोडेफार समजते म्हणून देखरेखीचे काम माझ्याकडे आले होते.

जुलैतल्या एका सोमवारी सकाळी पाहतो तो उपकेंद्रापुढे लाल दिवा. आमचे प्रयोगशाळा साहाय्यक तर रेनकोट घालून मोटारसायकलवरून घाटात निघण्याच्या तयारीत. बाहेर पाऊस कोसळत होता. मी म्हटले, "भाऊ, जरा थांबा. आधी फोन करू या." उपकेंद्रातल्या लिपिकांनी फोन उचलला आणि म्हणाले, "इंटरनेट? चालू आहे की सर. मुले आत्ताच वर्गात बसली आहेत."

म्हणजे राउटर जिवंत होता! पहिली शक्यता एका फोनने बाद झाली. उरल्या चार. मग आम्ही फळ्यावर त्या चारही लिहिल्या आणि एकेक तपासायला घेतली.

पहिली चाचणी: हाक मारा

१९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस या अमेरिकन शास्त्रज्ञाने पिंग नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधण्यासाठी सोनार यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. त्या आवाजावरूनच हे नाव आले. पिंग समोरच्या यंत्राला एक पॅकेट पाठवतो आणि ते परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. डोंगरापुढे उभे राहून हाक मारण्यासारखेच हे.

पिंग करण्याचीही एक शिस्त आहे. सुरुवात दूरच्या यंत्रापासून करायची नाही, स्वतःपासून करायची. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे "मी स्वतः". त्याला हाक मारून उत्तर आले तर आपल्या संगणकातली जाळ्याची यंत्रणा ठीक आहे. मग आपल्याच खोलीतल्या राउटरला, मग गावाबाहेरच्या यंत्राला आणि शेवटी दूरच्या राउटरला हाक मारायची. गॅल्व्हनोमीटर आधी चांगल्या सेलवर तपासून घ्यावा, तसेच हे.

आम्ही तसे केले. उपकेंद्राच्या राउटरने पिंगला उत्तर दिले. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी खुला होता.

येथे एक सावधगिरी बाळगा. पिंगचे उत्तर आले तर यंत्र जिवंत आहे हे नक्की. पण उत्तर आले नाही तर ते मेले आहे असे नक्की म्हणता येत नाही. पुष्कळ ठिकाणी सुरक्षिततेसाठी पिंगला उत्तर देणे मुद्दाम बंद ठेवलेले असते.

दुसरी चाचणी: वाट मोजा

पिंगचे उत्तर आले नसते तर आम्ही ट्रेसराउट हे साधन वापरले असते. ते व्हॅन जेकबसन यांनी १९८७ च्या सुमारास तयार केले. त्यामागची युक्ती इतकी सुंदर आहे की ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

प्रत्येक पॅकेटावर त्याचे आयुष्य लिहिलेले असते. ते वर्षांत नव्हे, तर चौकांत मोजतात. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आयुष्य शून्य झाले की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो, "तुझे पॅकेट माझ्यापाशी संपले." रस्ता चुकलेली पॅकेटे जाळ्यात कायमची फिरत राहू नयेत म्हणून ही सोय आहे. जेकबसन यांनी ती उलटी वापरली. पहिल्या पॅकेटाचे आयुष्य मुद्दाम १ ठेवायचे. ते पहिल्याच चौकात संपते आणि पहिल्या राउटरचा पत्ता कळतो. दुसऱ्याचे आयुष्य २, तिसऱ्याचे ३. अशा रीतीने वाटेतल्या सर्व राउटरांचे पत्ते ओळीने मिळतात. जिथून पुढे एकही उत्तर येत नाही, त्याच्या आसपास दोष शोधायचा. काही राउटर गप्प राहतात, तेव्हा त्यांच्या जागी नुसते तारे दिसतात. पण त्यांच्या पुढच्या चौकाकडून उत्तर आले तर वाट ठीक आहे असे समजावे.

तिसरी चाचणी: ओळख पटते का?

आमच्या बाबतीत रस्ता खुला, राउटर जिवंत, तरीही एसएनएमपीला उत्तर नाही. म्हणजे शोध आता एका दारापुरता, १६१ क्रमांकाच्या दारापुरता उरला.

या दारावर पहारा असतो. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्त्यांत प्रश्नाबरोबर एक परवलीचा शब्द पाठवावा लागे. अनेक यंत्रे कारखान्यातून येताना त्यात "पब्लिक" हाच शब्द घातलेला असे आणि पुष्कळ लोक तो बदलतही नसत! शिवाय तो शब्द उघड्या कार्डावर लिहिल्यासारखा जाई, वाटेत कोणीही वाचावा. २००२ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रश्नकर्त्याची खरी ओळख पटवण्याची आणि मजकूर कूट लिपीत पाठवण्याची सोय झाली. जुन्या दोन आवृत्त्याही अजून ठिकठिकाणी वापरात आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी की, या जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द चुकला तर राउटर "शब्द चुकला" असे म्हणत नाही. तो प्रश्नकर्त्याला काहीच सांगत नाही. अनोळखी माणसाला "किल्ली चुकली" असे सांगणे म्हणजे "कुलूप इथेच आहे" असे सांगण्यासारखेच नाही का?

आम्ही शब्द तपासला, तो बरोबर होता. मग आठवले की शनिवारी देखरेखीचा जुना संगणक काढून नवा बसवला होता. त्याचा पत्ता निराळा होता. उपकेंद्राच्या राउटरमध्ये मात्र एक यादी होती: "फक्त या पत्त्यावरून आलेल्या प्रश्नालाच उत्तर द्यावे." आणि त्या यादीत जुन्या संगणकाचा पत्ता! राउटर आपले कर्तव्य चोख बजावत होता. चूक आमची होती. यादीत नवा पत्ता घातला आणि दिवा हिरवा झाला. घाटातली एक फेरी वाचली. शोधाला लागला पाऊण तास.

चौथी चाचणी: किती वेळ थांबायचे?

मला वाटले, काम संपले. पण पाऊस जोरात आला की दिवा लाल व्हायचा आणि पुढच्या विचारण्याला पुन्हा हिरवा. दिवसातून दहा-पंधरा वेळा घंटा वाजायची. फोन केला की उत्तर ठरलेले, "चालू आहे की सर."

याचे गणित करू या. आमची प्रणाली दर ५ मिनिटांनी, म्हणजे दिवसातून २८८ वेळा विचारत होती. समजा, प्रश्न किंवा उत्तर हरवण्याचे प्रमाण २० पैकी १ आहे. एकदाच विचारून निकाल दिला तर दिवसाला २८८ ÷ २० = १४.४, म्हणजे सुमारे १४ खोट्या घंटा! आता नियम बदला. एकदा उत्तर आले नाही तर लगेच पुन्हा विचारायचे, तरी आले नाही तर तिसऱ्यांदा आणि मगच घंटा वाजवायची. तीनही वेळा हरवण्याची शक्यता २० × २० × २० = ८००० मध्ये १. म्हणजे खोटी घंटा सुमारे २८ दिवसांतून एकदा. तुम्ही हुशार असाल तर विचाराल, "सर, मुसळधार सरीत तीनही पॅकेटे एकदमच हरवतील ना?" बरोबर आहे. तीन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच हा गुणाकार चालतो. म्हणून तीन प्रश्नांमध्ये थोडा अवकाश ठेवावा.

वाट पाहण्याचा काळही असाच पारखून ठरवावा लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तंतू ७०० किलोमीटरचा असेल तर जाऊन येऊन १४०० किलोमीटर, म्हणजे ७ मिलिसेकंद. पण जोडणी भूस्थिर उपग्रहावरून असेल तर? उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. प्रश्न वर जाणार, खाली येणार. उत्तर वर जाणार, खाली येणार. एकूण १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाच्या ३ लाख किलोमीटर वेगाने भागा: ०.४८ सेकंद. येथे व्यवस्थापकाला "अर्ध्या सेकंदात उत्तर आले नाही तर लाल" असे सांगून ठेवले तर राउटरने विचार करायला जरा वेळ घेतला की संपलेच! राउटर कितीही चांगला असला तरी प्रकाशापेक्षा वेगाने उत्तर देऊ शकणार नाही.

उत्तर येते, पण चुकीचे

मौनापेक्षाही फसवी गोष्ट म्हणजे चुकीचा अर्थ लावलेले उत्तर. तारेतून किती माहिती गेली हे राउटर एका मोजणीयंत्राने मोजतो. स्कूटरच्या किलोमीटर दाखवणाऱ्या यंत्रासारखेच ते आहे. पाच आकडी यंत्र ९९,९९९ नंतर ००,००० दाखवते. सकाळी ९९,९४० होते आणि संध्याकाळी ०००६० दिसले तर गाडी १२० किलोमीटर चालली हे तुम्ही ओळखाल. पण मधल्या काळात यंत्राने पूर्ण दोन फेऱ्या मारल्या असतील तर? ते कळायला मार्ग नाही.

राउटरचे जुने मोजणीयंत्र ३२ बिटांचे असते. ते ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की पुन्हा शून्यापासून सुरू होते. सेकंदाला १०० मेगाबिटची तार भरून वाहत असेल तर सेकंदाला १ कोटी २५ लाख बाइट जातात. भागाकार करा: एका फेरीला सुमारे ३४४ सेकंद, म्हणजे पावणेसहा मिनिटे. दर ५ मिनिटांनी विचारले तर चालून जाते. पण तार १ गिगाबिटची असेल तर एक फेरी ३४ सेकंदांतच पुरी होते. पाच मिनिटांत आठ फेऱ्या पूर्ण होऊन नववी चालू असते. त्या आठ फेऱ्यांचा हिशेब हरवतो आणि तुडुंब भरून वाहणारी तार आलेखात जेमतेम ८४ मेगाबिट, म्हणजे बाराव्या हिश्शाएवढी दिसते! पाहणारा म्हणतो, "तार तर रिकामीच आहे, मग सगळे इतके हळू का?" यावर उपाय म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत ६४ बिटांची मोजणीयंत्रे आली. त्याच वेगाने ती एक फेरी पूर्ण करायला ४,६०० हून अधिक वर्षे लागतील.

घड्याळाचेही तसेच. "सुरू होऊन किती वेळ झाला" हे राउटर सेकंदाच्या शंभराव्या भागांत, ३२ बिटांतच सांगतो. म्हणून ४९७ दिवसांनी ते शून्यावर येते. व्यवस्थापकाला वाटते की राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. वास्तविक तो बिचारा सव्वा वर्षाहून अधिक काळ एकदाही न थांबता चाललेला असतो!

मी केलेली चूक

आता पुन्हा घाटापलीकडे जाऊ. वर सांगितलेले तीन वेळा विचारण्याचे गणित मला तेव्हा येत होते. तरी मी ते केले नाही. रोजच्या घंटेला कंटाळून मी सोपा उपाय केला. उपकेंद्राची घंटाच बंद करून टाकली. कोणी विचारले तर म्हणायचो, "तो दिवा खोटाच लागतो."

ऑगस्टमधल्या एका दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी प्रयोगशाळेत असताना दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. भिजलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. म्हणाली, "सर, मी उपकेंद्राची. आमचं इंटरनेट काल संध्याकाळपासून बंद आहे. फोनपण लागत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे." ती सकाळच्या एसटीने घाट चढून आली होती. तिच्याबरोबर आणखी काही मुले खाली फाटकापाशी उभी होती.

मी पडद्याकडे पाहिले. दिवा लालच होता. आदल्या संध्याकाळी सहा वाजल्यापासून लाल. वीस तास तो खरे सांगत होता आणि त्याचे ऐकायचे नाही असे मीच ठरवले होते. आदल्या दिवशीच्या विजेच्या कडकडाटात राउटरला वीज पुरवणारा अडॅप्टर जळाला होता. टेलिफोनही त्याच वेळी बंद पडला होता.

मुलांना आमच्या प्रयोगशाळेत बसवून संध्याकाळपर्यंत सतरा अर्ज भरले. शेवटच्या एसटीने ती परत गेली. दोन मुले मात्र घाट ओलांडून येऊ शकली नाहीत. त्यांना पुढे विलंब शुल्क भरावे लागले. सकाळी नवा अडॅप्टर घेऊन माणूस गेला असता तर यांतल्या कोणालाच एवढी यातायात पडली नसती. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. त्या गोष्टीत दोष ओरडणाऱ्या मुलाचा असतो. इथे दोष माझा होता. साधन खोटे बोलत असेल तर ते नीट करावे. त्याचे तोंड बंद करू नये.

दुसरी वाट हवी

त्या दिवसाने आणखी एक गोष्ट शिकवली. राउटरची खबर आणणारी वाट त्याच राउटरमधून जात असेल तर तो बंद पडला की खबरही थांबते. ही चूक मोठमोठ्यांच्याही हातून झाली आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. नेहमीच्या देखभालीतल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. दोष शोधण्याची त्यांची स्वतःची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती, त्यामुळे तीही निकामी झाली. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले.

म्हणून जाणकार लोक देखरेखीसाठी एक निराळी वाट राखून ठेवतात. आम्हीही उपकेंद्राच्या छपरावर एक छोटी अँटेना लावली. इंटरनेट चालण्याइतका मोबाइलचा संपर्क तिथे मिळत नाही, पण एक लघुसंदेश जाण्याइतका मिळतो. शेजारी बॅटरीवर चालणारी एक पेटी आहे. राउटरची वीज गेली की ती तेवढेच कळवते. घंटा पुन्हा सुरू केली आहे. तीन वेळा विचारल्याशिवाय ती वाजत नाही आणि वाजली की कोणी तरी उठतोच.

तुम्ही करून पाहा

घरी किंवा शाळेत संगणक असेल तर शिक्षकांना किंवा वडीलधाऱ्यांना विचारून पुढील प्रयोग करा. आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडा. पिंग हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे १२७.०.०.१ हा पत्ता द्या. किती मिलिसेकंद लागले ते वहीत लिहा. मग घरच्या राउटरचा पत्ता द्या. तो पुष्कळदा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. शेवटी तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्या. तीन आकडे एकाखाली एक लिहिले की अंतर आणि वेळ यांचा संबंध आपोआप दिसेल. दुसऱ्यांच्या राउटरची दारे मात्र ठोठावत बसू नका. ते सभ्यपणाला धरून नाही आणि कायद्यालाही.

आणि हे प्रश्न सोडवा:

१. पिंगचे उत्तर येते, पण एसएनएमपीचे येत नाही. वरच्या पाच शक्यतांपैकी कोणती नक्की बाद झाली?

२. हरवण्याचे प्रमाण १० पैकी १ असेल आणि दर ५ मिनिटांनी विचारले जात असेल, तर एकदाच विचारून दिवसाला किती खोट्या घंटा वाजतील? तीनदा विचारून किती?

३. राउटरचे घड्याळ काल ४९६ दिवस दाखवत होते, आज अर्धा दिवस दाखवते आहे. दुसऱ्या एका राउटरचे काल २१ दिवस होते, आज अर्धा दिवस आहे. कोणत्या राउटरकडे माणूस पाठवाल?

उत्तरे शोधताना आमच्या प्रयोगशाळेतला तो न हलणारा काटा आठवा. काटा हलला नाही की आधी विचारा, कशाकशामुळे तो हलणार नाही? सगळी कारणे कागदावर लिहा आणि सर्वांत सोप्या चाचणीपासून सुरुवात करा. घाटात मोटारसायकल काढण्याची चाचणी सर्वांत शेवटची.